‘मी घासले की दात’ : असिस्टेड लिव्हिंगमधल्या ज्येष्ठांच्या तोंडाची रोजची काळजी

ब्रश ओला आहे म्हणजे दात घासले, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. माझा तो समज एका आजींनी मोडला. त्या रोज सकाळी स्वतः उठून बेसिनशी जायच्या, नळ सोडायच्या, ब्रश भिजवायच्या, पेल्यात उभा करायच्या आणि परत यायच्या. ‘‘आजी, दात घासले?’’ ‘‘घासले की.’’ तक्त्यावर ‘स्वतः करतात’ अशी खूण पडायची. ती खूण कित्येक महिने तशीच राहिली. पुढे जेवण कमी झालं, वजन उतरलं, तेव्हा कोणीतरी टॉर्च लावून तोंडात पाहिलं. खालच्या दातांच्या मुळांशी कीड, हिरडीच्या कडेनं पिवळट चिकट थर आणि उजव्या गालात आदल्या जेवणाचा घास. संधिवातानं त्यांची मूठ नीट वळत नव्हती, ब्रश धरवत नव्हता. हे सांगायची त्यांना लाज वाटत होती, आणि आम्ही कोणी विचारलंही नव्हतं.

अंथरुणाला खिळलेल्यांचं तोंड कोणी ना कोणी साफ करतंच, कारण ते कामाच्या यादीत असतं. असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांत लागेल तेवढी मदत देणाऱ्या निवासी केंद्रांत, राहणारे बरेच जण मात्र हिंडतेफिरते, स्वतःचे कपडे घालणारे, गप्पा मारणारे. त्यांच्या तोंडात डोकावणं आपल्याला आगाऊपणा वाटतो आणि नेमकी तिथेच काळजी निसटते. हा लेख अशा केंद्रांतल्या काळजीवाहकांसाठी, परिचारिकांसाठी आणि भेटीला येणाऱ्या मुला-सुनांसाठी आहे.

म्हातारपणी तोंड वेगळं का वागतं

हिरड्या खाली सरकतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर दातासारखं कडक एनॅमल नसतं, त्यामुळे तिथली कीड भराभर पसरते आणि बरेचदा दुखतही नाही. एक दिवस दात हिरडीच्या रेषेवर मोडतो तेव्हाच कळतं. दुसरी गोष्ट लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंड धूत असते, आम्ल सौम्य करत असते. औषधांनी ती आटली की जंतूंना रान मोकळं.

तिसरी गोष्ट फुप्फुसांची. झोपेत किंवा गिळताना तोंडातली लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत जाते. ज्यांचा ठसका अशक्त झाला आहे, त्यांना ती बाहेर टाकता येत नाही, आणि लाळेबरोबर तोंडातले जंतूही खाली उतरतात. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचं तोंड नियमित साफ केलं गेलं, त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. ज्यांचं केलं नाही त्यांच्यात हे प्रमाण १९ टक्के होतं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. पण न्यूमोनिया क्षणभर बाजूला ठेवा. दुखऱ्या दातानं जेवता येत नाही, तोंडाला वास येतो म्हणून माणसं लांब बसतात, कवळी टोचते म्हणून बोलणं कमी होतं. मला एवढी कारणं पुरतात.

आधी बघा, मग ठरवा

केंद्रात राहायला आलेल्या प्रत्येकाचं तोंड पहिल्या आठवड्यात बघा. पुढे महिन्यातून एकदा, आणि जेवण, वजन किंवा वागणं बदललं की लगेच. लागतं काय? टॉर्च, हातमोजे आणि पाच मिनिटं. समोर खुर्चीवर बसा, परवानगी विचारा, कवळी असेल तर काढून ठेवा.

बघण्याला एक क्रम असलेला बरा, नाहीतर दात तेवढे पाहून आपण उठतो. ऑस्ट्रेलियात वापरात आलेल्या एका तपासणी तक्त्यात आठ गोष्टी आहेत: ओठ, जीभ, हिरड्या आणि आतली त्वचा, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, तोंडाची स्वच्छता आणि दुखणं. प्रत्येकाला ० ते २ गुण द्यायचे, ० म्हणजे ठीक आणि २ म्हणजे बिघडलेलं. हा तक्ता भरायला दंतवैद्य असावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. लाळ कशी बघायची? हातमोजा घातलेलं बोट गालाच्या आतून हळूच फिरवा. सरकलं तर ठीक, चिकटलं तर तोंड कोरडं आहे.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची तपासणी. त्या व्यक्तीला एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दात घासताना बघा. पेस्टचं झाकण उघडता येतं का? ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचतो का? आतली बाजू घासली जाते का? मध्येच विसरायला होतं का? उभं राहून दम लागतो का? हे पाहिल्याशिवाय ‘स्वतः करतात’ ही खूण करू नका. माझ्या मते ती खूण तक्त्यावरून काढूनच टाकावी आणि त्या जागी तीन पर्याय ठेवावेत: ‘स्वतः, पण रोज नजर’, ‘सुरुवात त्यांची, शेवट आपला’ आणि ‘पूर्ण आपण’.

नजर ठेवायची म्हणजे हेरगिरी करायची नाही. ब्रशच्या मुळाशी पेस्टचा वास येतो का हे बघा, ट्यूबवर उघडल्याची तारीख घाला आणि ती चपटी होते आहे का हे अधूनमधून तपासा. जेवणानंतर गप्पा मारताना दात दिसतातच.

साहित्य: थोडं, पण योग्य

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्या. लहान मुलांचा ब्रश बऱ्याच ज्येष्ठांना जास्त सोयीचा पडतो, कारण तोंड पूर्ण उघडत नसलं तरी तो दाढेपर्यंत जातो. ब्रश तीन महिन्यांनी बदला, केस फाकले तर त्याआधीच. तोंडात बुरशीचा संसर्ग होऊन गेला असेल तर नवीन ब्रश काढा.

पेस्ट फ्लोराइडची हवी. पाकिटावर १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग) असा आकडा असतो. मुळांना कीड लागायची प्रवृत्ती असेल तर दंतवैद्य ५००० पीपीएमची पेस्ट लिहून देतात. ती औषध म्हणूनच वापरायची, शेजारच्या खोलीत उसनी द्यायची नाही. पेस्टचं प्रमाण मटारच्या दाण्याएवढं ठेवा. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात तेवढी नको. फेस फार झाला की आत काही दिसत नाही आणि ठसकाही लागतो. गिळायला त्रास असेल तर फेस न होणारी पेस्ट घ्या आणि तिचा नुसता लेप ब्रशच्या केसांत दाबून लावा.

याखेरीज दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश, गॉजचे तुकडे, टॉवेल, पेला, थुंकायला किडनी ट्रे (मूत्रपिंडाच्या आकाराचं पसरट भांडं), ओठांना लावायला मलम. स्पंजच्या कांड्या खूप ठिकाणी दिसतात. ओठ आणि जीभ ओलसर करायला त्या ठीक आहेत, दातांवरचा थर मात्र त्यांनी निघत नाही. चावल्यावर स्पंज सुटून घशात जाण्याचा धोकाही असतो, म्हणून चावणाऱ्या माणसासाठी त्या वापरूच नका. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे वापरायची जुनी पद्धतही सोडून द्या. त्यांनी तोंड आणखी कोरडं पडतं.

प्रत्येक ब्रशवर नाव लिहा. ब्रश उभे, उघडे आणि एकमेकांना न चिकटतील असे ठेवा. ओल्या ब्रशवर टोपण घातलं की आत ओल राहते आणि तिथे जंतू वाढतात.

‘सुरुवात त्यांची, शेवट आपला’

बहुतेक निवासी याच गटात बसतात. जेवढं स्वतः जमतं तेवढं स्वतः करू द्या. त्यात हाताचा व्यायाम आहे आणि मानही आहे.

मूठ वळत नसेल तर ब्रशचा दांडा जाड करा. सायकलच्या हँडलची रबरी मूठ, फोमची नळी किंवा छोट्या रबरी चेंडूला भोक पाडून त्यात खुपसलेला दांडा, यातलं काहीही चालतं. इलेक्ट्रिक ब्रशचा दांडा मुळातच जाड असतो आणि मनगट फिरवावं लागत नाही, त्यामुळे संधिवात असणाऱ्यांना तो आवडतो. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या काहींना मात्र त्याची घरघर तोंडात सहन होत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी एखादा चालू करून नुसता हातावर धरून बघा. बेसिनसमोर खुर्ची ठेवा. आरसा बसलेल्या माणसाला चेहरा दिसेल इतका खाली हवा. पेस्ट आधीच लावून द्या. काम थांबलं तर ‘‘आता वरचे’’, ‘‘आता आतून’’ एवढंच बोला. मग विचारा, ‘‘शेवटचा हात मी मारू का?’’ आणि राहिलेल्या जागा आपण घासा. बहुधा खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या शेवटच्या दाढांची बाहेरची बाजू राहिलेली असते.

पूर्ण आपण घासायचे असतील तर

१. हात धुवा, हातमोजे घाला, आणि काय करणार आहोत ते सांगा. समोरच्याकडून उत्तर येत नसलं तरी सांगा.

२. माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित छातीकडे. मान मागे टाकली की पाणी सरळ घशात उतरतं. आपण बाजूला किंवा थोडं मागे उभं राहायचं, एका हातानं हनुवटीला आधार द्यायचा. समोर उंच उभं राहून ब्रश तोंडात घातला तर समोरचा माणूस आपोआप मान वर करतो. अंथरुणातच करावं लागलं तर पलंगाचं डोकं शक्य तितकं वर करा. तेही जमत नसेल तर कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल ठेवा.

३. आधी ओठ ओले करा, मलम लावा. कोरडे ओठ ताणले की फाटतात, आणि एकदा दुखलं की उद्या तोंड उघडत नाही.

४. कवळी काढा. गालांत अडकलेलं अन्न गॉज गुंडाळलेल्या बोटानं काढा. पक्षाघात झालेल्यांच्या लुळ्या बाजूच्या गालात हमखास घास अडकलेला असतो आणि त्यांना तो जाणवतही नाही. तोंड घट्ट मिटायची किंवा चावायची सवय असेल तर बोट घालू नका, ओला लहान ब्रशच वापरा.

५. तर्जनी गालाच्या आत घालून गाल बाहेरच्या बाजूला ओढा. बोट गाल आणि दात यांच्या मध्ये ठेवायचं, वरच्या-खालच्या दातांमध्ये कधीच नाही. या फटीतून ब्रश आत सरकवा. केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर टेकतील असा तिरका धरा, साधारण ४५ अंशांत. जागच्या जागी छोटे छोटे हेलकावे द्या, मग पुढच्या दोन दातांवर जा. भांडी घासल्यासारखा आडवा जोर नको. तसं घासल्यानं मुळं झिजतात.

६. क्रम रोज तोच ठेवा. मी उजव्या वरच्या बाहेरच्या बाजूनं सुरू करते आणि गोल फिरून तिथेच येते, मग आतली बाजू, मग चावायचा पृष्ठभाग. क्रम ठरलेला असला की मध्ये कोणी हाक मारली तरी कुठे होतो ते आठवतं.

७. हिरडीतून रक्त आलं तर बरेच जण घाबरून ती जागा सोडतात. सहसा तिथे थर साचून हिरडी सुजलेली असते, आणि रोज हलक्या हातानं तीच जागा साफ केली की दोन आठवड्यांत रक्त थांबतं. नाही थांबलं तर दंतवैद्याला दाखवा. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर रक्त थोडं जास्त वेळ येऊ शकतं. ते कळवा, पण औषध आपल्या मनानं बंद करू नका.

८. जीभ मऊ ब्रशनं मागून पुढे, दोन-तीनदा. फार मागे गेलात तर उमासा येतो.

९. थुंकायला लावा, आणि चुळा भरभरून भरायची सवय असेल तर ती मोडा. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहिलं तरच त्याचा उपयोग. ज्यांना थुंकता येत नाही त्यांचा फेस गॉजनं टिपून घ्या.

हे सगळं दोन मिनिटांत होतं, सवय नसेल तर चार. दिवसातून दोनदा करायचं. एखाद्या दिवशी एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची साधा. झोपेत लाळ कमी होते आणि रात्रभर जंतूंना कोणी हटकत नाही. पण कामाची पाळी संपत आलेली असते, सगळे दमलेले असतात, निवासी पेंगुळलेले असतात, त्यामुळे हीच वेळ सर्रास चुकते. यावर मला सापडलेला साधा उपाय असा की रात्रीचं घासणं झोपायच्या वेळेला बांधायचंच नाही. रात्रीचं जेवण झालं, शेवटची औषधं दिली, की लगेच. त्यानंतर फक्त पाणी. सरबतासारखी गोड पातळ औषधं घासण्याआधीच द्यायची, हेही इथेच पक्कं करून टाका.

कवळी

आधी बेसिनमध्ये थोडं पाणी भरा किंवा तळाला टॉवेल अंथरा. धुताना कवळी निसटते, आणि कोरड्या बेसिनवर पडली की तिचे दोन तुकडे. खालची कवळी सहज निघते. वरची टाळूला चिकटलेली असते. ओठ मिटून गाल फुगवायला सांगा, म्हणजे आत हवा शिरते, मग पुढचे दात धरून हलकेच खाली-वर हलवा.

कवळीला दातांची पेस्ट लावू नका. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी बारीक ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतू घर करतात. भांडी धुवायचा सौम्य द्रव साबण किंवा कवळीची खास क्रीम, आणि कवळीसाठी वेगळा ब्रश वापरा. आतली, म्हणजे हिरडीला टेकणारी बाजू जास्त नीट घासा, चिकटवायची क्रीम वापरत असतील तर तिचा जुना थर काढा. गरम पाणी अजिबात नको, त्यानं कवळीचा आकार बिघडतो. धातूच्या तारा किंवा पट्ट्या असतील तर ब्लीच नको. कवळी बाहेर असतानाच हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या गॉजनं किंवा मऊ ब्रशनं पुसून घ्या. अर्धवट कवळी असेल तर ज्या दातांना ती अडकते ते दात अधिक काळजीनं घासा, कारण अन्न तिथेच साचतं.

रात्री कवळी बाहेर काढायची, साध्या पाण्यात, नाव लिहिलेल्या डबीत ठेवायची, पाणी रोज बदलायचं. ८५ वर्षांवरच्या पाचशेहून अधिक ज्येष्ठांच्या एका जपानी अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया व्हायचा धोका सुमारे दुप्पट दिसला. शिवाय टाळूवर बुरशीचा लालसर चट्टा उठतो, तो बहुतेकदा रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांच्याच तोंडात. काही आजी-आजोबांना बिनदाताचं कोणासमोर यायला संकोच वाटतो, अगदी रात्री दार उघडणाऱ्या मावशींसमोरही. तो संकोच खरा आहे. अशांसाठी दिवे मालवल्यावर कवळी काढायची आणि सकाळी पडदे उघडायच्या आत द्यायची, एवढं आपण जमवू शकतो.

फसफसणाऱ्या स्वच्छतेच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वापरा आणि कवळी तोंडात घालण्याआधी भरपूर धुवा. त्या गोळ्या निवाशांच्या हाताशी ठेवू नका. औषधाची गोळी समजून कोणी तोंडात टाकली तर तोंड आणि घसा भाजतो.

आणि कवळीवर नाव घाला. दंतवैद्य ते आतून कायमचं घालून देतात. हरवलेल्या कवळ्या मला जेवणाच्या ताटात, कागदी रुमालाच्या बोळ्यात, उशीच्या अभ्र्यात आणि एकदा चपलेत सापडल्या आहेत. धुलाईला जाणारे कपडे झटकून टाका, हा नियम आम्ही त्यानंतर केला.

कोरडं तोंड

नैराश्यावरची, अ‍ॅलर्जीवरची, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली, काही रक्तदाबाची अशी कितीतरी औषधं लाळ कमी करतात. आणि एकाच व्यक्तीला अशी चार-पाच चालू असतात. खुणा ओळखीच्या: जीभ टाळूला चिकटते, कोरडं अन्न गिळवत नाही, बोलताना चटचट आवाज येतो, सारखं पाणी मागतात किंवा गोळ्या चघळत बसतात. चघळायच्या गोळ्या साखरेच्या असतील तर दातांची वाट लागते, बिनसाखरेच्या द्या. थोड्या थोड्या वेळानं पाण्याचा घोट, जेवणात पातळ पदार्थ, लाळेऐवजी वापरायचं जेल, खोलीत थोडी आर्द्रता. औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवून ‘‘यातलं काही कमी होईल का’’ असं विचारणंही आपल्याच कामात येतं. दम्यासाठी स्टिरॉइडचा इन्हेलर घेणाऱ्यांना प्रत्येक वेळी घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी धरते. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना पेट्रोलियम जेली न लावता पाण्यात मिसळणारं मलम लावा.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशचा अनेकांना मोह होतो. घासायचं टाळून चूळ भरली की झालं, असं वाटतं. पण त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते, आणि साचलेला थर काही निघत नाही. दंतवैद्यानं सांगितलं तरच वापरा, आणि पेस्ट व तो यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकांनी त्याचा परिणाम कमी होतो.

‘नको’ म्हणतात तेव्हा

डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अनोळखी चेहरा, हातात काडीसारखं काहीतरी, आणि तो ते तुमच्या तोंडात घालू पाहतोय. तुम्हीही हात झटकाल. त्यामुळे ‘आजोबा सहकार्य करत नाहीत’ असं नोंदवहीत लिहिलेलं दिसलं की मी विचारते, कोण गेलं होतं, कधी, कुठून?

समोरून जा, बसून डोळ्याला डोळा भिडवा, नावानं हाक मारा, हसा. आधी हात हातात घ्या, मग खांदा, मग गाल. थेट तोंडाकडे जायचं नाही. एका वेळी एकच छोटं वाक्य. ‘‘चला, दात घासून घेऊ’’पेक्षा ब्रश हातात देणं जास्त बोलतं. अनेकदा हाताला आठवतं आणि तो आपोआप तोंडाकडे जातो. नाही गेला तर त्यांच्या हातावर आपला हात ठेवून सुरुवात करून द्या, लय लागली की सोडा. किंवा दुसरा ब्रश घेऊन आपण स्वतःचे दात घासून दाखवा. काही वेळा त्यांच्या हातात एक ब्रश खेळायला देऊन आपण दुसऱ्यानं घासतो, तेही चालतं. आवडतं गाणं गुणगुणा. न्हाणीघराचा आग्रह नको. थंड फरशी आणि घुमणारा आवाज त्यांना बिचकवतो. जेवणाच्या टेबलाशी किंवा खिडकीपाशी बसून केलं तरी दात तेच असतात.

ब्रश दातांत घट्ट चावून धरला तर ओढू नका. जितकं ओढाल तितका जबडा आवळतो. हात सैल करा, गप्पा मारा, काही क्षणांत पकड सुटते. ओठच मिटून घेतले असतील तर ओठांच्या कडेनं बोट गालात सरकवून निदान बाहेरची बाजू घासा. ते सुद्धा नको असेल तर थांबा, वीस मिनिटांनी या, किंवा दुसऱ्या कोणाला पाठवा. का कोण जाणे, पण काही आजोबा एका मावशींच्या हातूनच तोंड उघडतात, आणि त्यात बाकीच्यांनी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. डोकं धरून, हात दाबून कधीही घासायचं नाही. तसं केलेलं एक दिवस निभतं आणि पुढचे सहा महिने तोंड बंद होतं.

कालपर्यंत घासू देणारा माणूस आज एकाएकी नाही म्हणत असेल तर आधी दुखणं शोधा. एका बाजूनं चावणं, गालावर हात ठेवून बसणं, गार पाणी टाळणं, कवळी काढून टाकणं, ब्रश ठरावीक जागी आला की दचकणं, झोप उडणं. ज्यांना शब्दांत सांगता येत नाही त्यांचा दातदुखीचा निरोप असाच येतो.

नळीनं जेवणारे

तोंडानं काही खात नाहीत म्हणजे तोंड स्वच्छ राहतं, हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. चावणं नाही, लाळेचं वाहणं कमी, त्यामुळे उलट त्यांच्या दातांवर कीटण लवकर चढतं. त्यांचंही तोंड दिवसातून दोनदा, कुशीवर किंवा ताठ बसवून, फेस न होणाऱ्या पेस्टनं साफ करा. पाणी कमीत कमी वापरा. सोय आणि प्रशिक्षण असेल तर सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी आणि लाळ ओढून घेणारं यंत्र, चालू ठेवा. मध्येच खोकला आला, आवाज ओला घरघरता झाला, तर थांबून बाजूला वळवा.

लगेच कळवायच्या गोष्टी

गाल किंवा जबड्याखाली सूज, बरोबर ताप किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हलणारा दात हाही थांबायचा विषय नाही, तो झोपेत सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा किंवा गाठ तीन आठवड्यांत गेली नाही तर दुखत नसली तरी दाखवा, तंबाखू खाणाऱ्यांच्या बाबतीत तर अजून लवकर. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या आधी दंतवैद्याला सांगणं आवश्यक आहे. त्या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.

नोंद कामाची लिहा. ‘तोंडाची काळजी दिली’ यावरून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. ‘रात्री ८:१५, वरचे दात स्वतः घासले, खालचे मी घासले, डाव्या दाढेपाशी दचकल्या, थोडं रक्त, कवळी डबीत’ असं लिहायला अर्धं मिनिट जास्त लागतं.

निवाशाला रुग्णालयात हलवायची वेळ आली तर पिशवीत ब्रश, पेस्ट आणि नाव घातलेली कवळीची डबी ठेवा, आणि सोबतच्या कागदावर कवळी वरची, खालची की दोन्ही ते लिहा. परत आल्यावर औषधांच्या चिठ्ठीच्या आधी ती डबी उघडून बघा.